माटुंगा स्टेशन: धिम्या लोकलने या, पूर्वेला उतरा, सोमवार टाळा

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाला निव्वळ स्टेशन म्हणून पाचपैकी तीन गुण पुरेत. जलद लोकल इथे थांबत नाही, इमारतीत मान वर करून पाहावं असं काही नाही, आणि दादर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे बाहेरचं कुणी मुद्दाम इथे उतरत नाही. पूर्वेच्या दारातून बाहेर पडल्यावर पाच-सात मिनिटांच्या चालीत जे मिळतं, त्याला मात्र पाचपैकी पाच. भल्या पहाटेचा उपमा आणि फिल्टर कॉफी, केळीच्या पानावरचं जेवण, हाताने मोजून दिलेला मोगरा, डोळ्यांदेखत दळलेली कॉफी आणि त्यानंतर पाय मोकळे करायला झाडांखालचे रुंद फुटपाथ. बाजू आणि वेळ मात्र चुकता कामा नये. बाजू चुकली तर रेल्वे कारखान्याची लांबलचक भिंत दिसते आणि वार चुकला तर बंद शटर.

आधी नावांचा गोंधळ निस्तरू, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. जवळजवळ तीन स्टेशनं आहेत: मध्य रेल्वेचं माटुंगा, पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड आणि हार्बरचं किंग्ज सर्कल. नाटकाची तिकिटं यशवंत नाट्य मंदिराची असतील तर उतरायचं माटुंगा रोडला, पश्चिमेला. षण्मुखानंद सभागृहात गाणं ऐकायला जायचं असेल तर किंग्ज सर्कल किंवा शीव सोयीचं. खाणं, फुलं, कॉफी आणि बाजार यांसाठी मध्य रेल्वेचं माटुंगा. आणखी एक घोटाळा असा की ‘किंग्ज सर्कल’ म्हणून लोक ज्या गोल बागेचा पत्ता सांगतात, म्हणजे महेश्वरी उद्यान, ती किंग्ज सर्कल स्टेशनाच्या दारात नाही. माटुंगा स्टेशनावरूनही तिथे दहा मिनिटांत चालत जाता येतं.

सीएसएमटीकडून यायचं तर धिमी लोकल पकडून दादरनंतरच्या स्टेशनाला उतरायचं. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडून येणाऱ्यांनी जलद गाडीने दादर गाठून एक स्टेशन मागे येण्यापेक्षा कुर्ल्याला गाडी बदलावी. तिथून धिम्या गाडीने शीव आणि मग माटुंगा, दोनच स्टेशनं. दादरच्या पुलावर जाणारा वेळ वाचतो. पश्चिम रेल्वेवरून येणारे सवयीने दादरला बदलतात. तिथे एक लक्षात ठेवा: डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांचे क्रमांक सलग झाले आहेत आणि मध्य रेल्वेचा जुना १ नंबर आता ८ आहे. जुन्या आठवणीवर विसंबू नका, इंडिकेटर वाचा. त्यापेक्षा सुटसुटीत मार्ग म्हणजे धिम्या गाडीने थेट माटुंगा रोडला उतरायचं आणि झेड ब्रिजवरून पूर्वेला यायचं. हा पादचारी पूल दोन्ही रेल्वेंचे रूळ ओलांडतो. चाल दहा-पंधरा मिनिटांची. दिवसा विद्यार्थ्यांची वर्दळ असते, त्यामुळे काही वाटत नाही. रात्री उशिरा मात्र पूल सुनसान होतो, तेव्हा एकट्याने टाळलेला बरा.

माटुंग्याला उतरल्यावर ‘पूर्व’ लिहिलेल्या पाटीमागे पुलावरून जा. रूळ ओलांडायचा मोह इथे विशेष वाईट, कारण जलद गाड्या न थांबता वेगाने जातात आणि समोर उभ्या असलेल्या धिम्या गाडीआड त्या दिसत नाहीत. पश्चिमेला आहे तो माटुंगा रेल्वे कारखाना, १९१५ साली जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीने उभारलेला. डब्यांची मोठी दुरुस्ती तिथे होते. रेल्वेची आवड असणाऱ्यांना त्याचं आकर्षण वाटणं साहजिक आहे, पण आत सहज प्रवेश नाही. पुलावरून शेडची छपरं दिसतात, तेवढ्यावर समाधान मानायचं.

स्टेशनाची स्वतःची एक ओळख आहे आणि ती कमावलेली आहे. जुलै २०१७ पासून इथला सगळा कारभार महिला पाहतात: स्टेशन मॅनेजर, तिकीटखिडकी, तपासनीस, उद्घोषणा, रेल्वे सुरक्षा दल, पॉइंट्सचं, म्हणजे रूळ बदलण्याचं कामसुद्धा. देशातलं अशा प्रकारचं हे पहिलं स्टेशन, आणि २०१८ च्या ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्स’ या विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. नंतर पश्चिम रेल्वेनेही शेजारच्या माटुंगा रोडला हाच प्रयोग केला. प्रवाशाच्या दृष्टीने फरक काय? सेल्फी काढण्याजोगं काही नाही, आणि तेच बरं आहे. गर्दीच्या वेळी धिम्या मार्गावरच्या कुठल्याही स्टेशनासारखंच हे स्टेशन चालतं. संध्याकाळी एकटीने प्रवास करणाऱ्या मुलींना फलाटावर आणि तपासणीच्या ठिकाणी गणवेशातल्या बायका दिसतात, हा दिलासा मात्र खरा.

आता मुख्य मुद्दा, खाणं. पूर्वेला बाहेर पडलात की भांडारकर रोडच्या आसपास खाण्याच्या सगळ्या जागा भेटतात. १९२० नंतर दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी माटुंगा भरलं आणि त्यांच्यासाठी उडुपीकडच्या लोकांनी खाणावळी काढल्या. म्हणून इथलं जेवण ‘साउथ इंडियन’ या एका नावाखाली कोंबू नये. स्वयंपाक बहुतांशी उडुपी-मंगळूर वळणाचा आहे: सांबारात गुळाची छटा, खोबरं सढळ, तिखट बेताचं. तमिळ पद्धतीचं आंबट, हिंगाचा वास मारणारं सांबार मनात धरून आलेल्यांचा पहिल्या घासाला हिरमोड होतो. त्यांनी सांबार बाजूला ठेवून रस्सम मागवावं.

सकाळी लवकर आलात तर राम आश्रय. १९३९ सालची जागा, स्टेशनापासून अगदी जवळ, पहाटेपासून उघडी. इथे डोसा मागवणं चूक नाही, पण डोसा सगळीकडे मिळतो. इथे घ्यायचा तो उपमा आणि शिरा. शिऱ्याचं फळ रोज बदलतं, अननस सगळ्यांत प्रसिद्ध. त्या दिवशी काय आहे ते फळ्यावर लिहिलेलं असतं. फळा न वाचता थेट वेटरला विचारलंत तर तो हाताने फळ्याकडेच बोट दाखवेल. शिरा गरम असतानाच खावा. थांबला की तूप आळतं, रवा घट्ट होतो आणि मग गोड जास्त वाटतो. दोघांत एक पुरतो. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं आणि खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसायची इथे रीत नाही. रविवारी आठनंतर बाहेर घोळका असतो. सातच्या आत पोचलात तर रांग जेमतेम.

कॅफे मद्रास थोडं पुढे, किंग्ज सर्कलच्या दिशेला, १९४० पासून. इथे तीन गोष्टी: पोडी (कोरड्या चटणीची पूड लावलेली) इडली, रस्सम वडा आणि बेण्णे डोसा. बेण्णे डोशावर लोण्याचा गोळा येतो. तो वितळायच्या आत पसरून खा, नाहीतर सगळं लोणी मध्यभागी मुरतं आणि कडा कोरड्या राहतात. नाचणीचा डोसाही चांगला, पण तो कुरकुरीत असेपर्यंतच. तव्यावरून ताटात आल्यावर पाच मिनिटांत चामट होतो. रस्सम वड्याला मात्र घाई नको, वडा मुरू द्यायचा. जागा छोटी आहे, बाहेर नाव लिहून घेतात आणि पुकारतात. नाव लिहून लांब फिरायला गेलात तर नंबर जातो. शिवाय किती जण आहात ते खरं सांगा. चौघांचं नाव देऊन दोघंच हजर राहिलात तर पुढच्यांना आधी आत घेतात, आणि ते योग्यच आहे.

किंग्ज सर्कलला कॅफे मैसूर, १९३६ सालचं, या सगळ्यांत ज्येष्ठ. म्हैसूर मसाला डोसा आणि नीर डोसा यांसाठी जावं. गर्दी इतरांपेक्षा कमी, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हीच जागा निवडा.

दुपारच्या जेवणाला पर्याय एकच, ए. रामा नायक यांचं श्री कृष्ण उडुपी बोर्डिंग. १९४२ पासून, स्टेशनासमोरच्या लाल बहादूर शास्त्री मार्केटच्या पहिल्या मजल्यावर. खालून पाटी चटकन दिसत नाही, बाजाराच्या इमारतीचा जिना शोधा. पद्धत अशी: आधी काउंटरवर कुपन घ्यायचं, मग बाकावर बसून नंबरची वाट पाहायची. कुपन दोन प्रकारचं, ताटातलं मर्यादित आणि केळीच्या पानावरचं पोटभर. भूक बेताची असेल तर ताट घ्या. पानावर बसून दोन पोळ्यांत उठलात तर पैसे वाया आणि वाढप्याची नाराजी वेगळी. पानावर भाज्या, डाळ, रस्सम, सांबार, भात येत राहतो. भाज्या वारानुसार बदलतात. पहिल्याच फेरीत पुरीवर ताव मारणारे लोक रस्सम-भातापर्यंत पोचत नाहीत आणि तिथेच फसतात, कारण इथलं खरं जेवण रस्समपासून सुरू होतं. भाताचे तीन छोटे वाटे करा: एक सांबाराला, एक रस्समला, शेवटचा ताकाला किंवा दह्याला. गर्दी नसेल तर स्वयंपाकघर पाहू देतात, जरूर पाहा. साडेबाराच्या आत गेलात तर बाकावर फार बसावं लागत नाही.

कॅफे मद्रास आणि रामा नायक दोन्ही सोमवारी बंद. सोमवारी आलात तर राम आश्रयवर भिस्त ठेवावी लागते, आणि ज्यांना हे ठाऊक नसतं ते सगळेच तिथे गोळा होतात.

जेवणानंतर खाली बाजारात उतरा. शास्त्री मार्केट आणि आजूबाजूच्या गाळ्यांवर मुंबईत इतरत्र सहज न दिसणारा माल असतो. छोटे सांबार कांदे घ्यायचे तर सालं कोरडी, चुरचुरीत हवीत. ओलसर सालाचे कांदे तिसऱ्या दिवशी कोंब धरतात. शेवग्याच्या शेंगा बोटाएवढ्या जाडीच्या, वाकवल्या तर थोड्या वाकाव्यात. कडक काठीसारख्या असल्या तर आतला गर चोथा झालेला असतो. नेंद्रन केळी, आपल्या राजेळीच्या जातकुळीतली, कच्ची असतील तर वेफर्सला आणि पूर्ण पिकलेली, सालीवर काळे डाग आलेली, उकडायला. अर्धवट पिकलेली नेंद्रन या दोन्हींना कामाची नाहीत: तळली तर काळी पडतात, उकडली तर तुरट लागतात. कोहळा चिरून तुकड्यावर मिळतो, अख्खा घ्यावा लागत नाही. पडवळ, सुरण, कढीपत्त्याच्या जुड्या रोज ताज्या.

केळीची पानं नगावर मिळतात. मधलं, दोन्ही बाजूंनी कापलेलं पान स्वस्त. टोकाकडचं पान महाग, कारण पंगतीला तेच लागतं. मांडायची रीत आपल्याकडच्यासारखीच, अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पानं दुमडून पिशवीत कोंबू नका, शिरेवर फाटतात. गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधून घ्या. पातोळे किंवा पानगी करायची असेल तर पान आधी मंद आचेवर झपकन फिरवा. मऊ पडतं आणि वळवताना चिरत नाही.

फुलांचे गाळे स्टेशनाच्या बाहेर आणि आस्तिक समाजाच्या मंदिराच्या आसपास. गजरा वजनावर नाही, हातावर मोजतात: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक माप, साधारण दीड फूट. (उंच विक्रेत्याकडे घ्यावा, हा इथला जुना विनोद.) दोन गोष्टी तपासा. एक, कळ्या मिटलेल्या हव्यात. सकाळी उमललेला मोगरा संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत तपकिरी पडतो. दोन, गुंफण. दोऱ्यावर कळ्या दाट आणि समोरासमोर बांधलेल्या असाव्यात. विरळ गजरा मापाने लांब आणि डोक्यात माळल्यावर केविलवाणा. अबोलीला वास नसतो, ती रंगासाठी. वास हवा तर मोगऱ्यात मधे मरवा घालून द्यायला सांगा. घरी नेताना केळीच्या पानात किंवा ओल्या सुती फडक्यात गुंडाळा. हवाबंद प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि दोन तासांत कळ्या काळवंडतात. ओणम, वरलक्ष्मी व्रत, दसरा यांच्या आदल्या दिवशी भाव वाढलेले असतात. त्या दिवशी सकाळी आठच्या आत यावं, नंतर उरतो तो इतरांनी निवडून टाकलेला माल. पोंगलच्या सुमाराला इथेच उसाची कांडी आणि पानांसकट हळदीची रोपं विकायला येतात, नवरात्राच्या आधी गोलूच्या, म्हणजे घरी पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या.

कॉफी पावडरीची दुकानं किंग्ज सर्कलकडे. मैसूर कन्सर्न्स त्यातलं जुनं नाव. ‘कॉफी द्या’ म्हणून भागत नाही, तीन प्रश्न येतात: बी कोणती, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती, दळण कसं. बी म्हणजे प्लांटेशन ए किंवा पीबेरी (फळात एकटीच वाढलेली गोल बी), किंवा दोन्ही निम्मी. पीबेरीचा स्वाद टोकदार, प्लांटेशनचा गोलसर. दोन्ही मिसळून घेतलेली सुरुवातीला बरी. चिकोरी २० टक्के म्हणजे हलकी, ३० म्हणजे हॉटेलसारखी दाट. ४० च्या पुढे रंग भरपूर पण कॉफी कमी, तो पैसे वाचवायचा मार्ग आहे, चवीचा नाही. दळण ‘फिल्टरचं’ म्हणून सांगा. एका वेळी पाव किलोहून जास्त घेऊ नका, दळलेल्या पावडरीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा.

घरी फिल्टर अडतो अशी तक्रार फार ऐकू येते. कारणं चारच. पावडर फार बारीक, वरची चकती जोराने दाबलेली, पाणी एकदम ओतलेलं, किंवा वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसलेलं की हवा निघायला वाट नाही. शेवटचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा सैल ठेवा, थेंब सुरू होतात. दोन कपांना तीन भरगच्च चमचे पावडर, चकती हलकेच टेकवलेली, उकळून क्षणभर थांबलेलं पाणी आधी थोडं, मग उरलेलं. वीस मिनिटांनी अर्क तयार. पाच मिनिटांतच सगळं खाली उतरलं तर दळण भरड आहे, ते दुकानात परत सांगा.

बागेभोवतीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. जवळ व्हीजेटीआय, आयसीटी, रुईया, पोदार ही महाविद्यालयं असल्याने माल बहुतेक अभ्यासक्रमाचा: अभियांत्रिकी, रसायन, स्पर्धा परीक्षा. घेताना आवृत्ती पाहा, मधली पानं चाळा, आणि वर्षअखेरीस परत घेणार का व किती कापून, हे आधीच ठरवा. ललित पुस्तकांसाठी इथे येण्यात अर्थ नाही.

पोट जड झालं असेल तर दोन फेरफटके. जवळचा म्हणजे तुळपुळे उड्डाणपुलाखालची नानालाल मेहता बाग. पुलाखालच्या पट्टीत नर्मदेच्या पात्राच्या वळणांवर आखलेली पायवाट आहे, सुमारे सहाशे मीटरची. दोन्ही बाजूंनी वाहनं वाहत असतात, तेव्हा शांतता शोधू नका, सावली मात्र पक्की. लांबचा म्हणजे आंबेडकर रोड ओलांडून पाच उद्यान. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा ट्रस्टने दादर-माटुंग्याचा हा भाग आखला: रुंद रस्ते, घरांमधे अंतर, रांगेने झाडं. पारशी कॉलनी उभारणारे मंचेरजी जोशी याच ट्रस्टचे अभियंते, आणि पाच उद्यानांना त्यांचंच नाव आहे. गोल कोपऱ्यांच्या, दोन-तीन मजली आर्ट डेको इमारती पाहायच्या तर आता पाहून घ्या, पुनर्विकासाचे पत्रे दर काही घरांनंतर लागलेले आहेत.

गणपतीच्या दिवसांत हिशेब बदलतो. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचा गणपती पाच दिवसांचा असतो आणि तेवढे दिवस संध्याकाळी या भागात नुसतं चालायलाही वेळ लागतो. दर्शन हाच हेतू असेल तर सकाळी या. खाण्यासाठी येणार असाल तर ते पाच दिवस सोडा.

रविवारची अडचण वेगळी. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास रूळ बंद ठेवणं, बरेचदा माटुंगा-मुलुंड असाच असतो आणि गाड्या याच ठिकाणी रूळ बदलतात. ब्लॉक साधारण अकराच्या सुमाराला लागतो, तीन-चारपर्यंत चालतो, गाड्या दहा-पंधरा मिनिटं मागे पडतात. तेव्हा नाश्ता करून अकराच्या आत निघा, किंवा जेवून, फिरून चारनंतर. शनिवारी ब्लॉकची सूचना पाहून ठेवा. आठवड्याच्या संध्याकाळी कल्याणकडे परतणाऱ्यांना सीएसएमटीहून आलेल्या गाडीत दारातही पाय ठेवता येत नाही. दादर किंवा परळहून सुटणारी लोकल आली तर ती पकडा, तिच्यात निदान उभं राहायला जागा असते.

पावसाळ्यात मुसळधार लागली की शीव-माटुंगा दरम्यानचे रूळ पाण्याखाली जाणाऱ्या पहिल्या जागांपैकी असतात, कारण भाग सखल. गाड्या थांबल्या तर किंग्ज सर्कल स्टेशनाकडे धाव घेऊ नका. वाटेतलं गांधी मार्केट त्याच वेळी तुंबलेलं असतं. अशा वेळी दुकानाच्या पायरीवर ताटकळण्यापेक्षा झेड ब्रिजवरून माटुंगा रोड गाठा आणि पश्चिम रेल्वे चालू आहे का ते पाहा. फुलं आणि केळीची पानं मात्र पिशवीच्या वरच्या बाजूला ठेवा, गर्दीत सगळ्यांत आधी तीच चेंगरतात.